दोन लिटर पाण्यातला करवत मासा

२१ जानेवारी, मंगळवार

यादीत एकेचाळिसाव्या ओळीवर करवत मासा आहे.

लॅबमध्ये असताना काही लिहिलं नाही. आता घरी येऊन, चहा करून, पंख्याखाली बसून लिहितेय. अठरा डिसेंबरला खाडीच्या तोंडाशी मी स्वतः भरून आणलेलं पाणी. दोन लिटरची बाटली, क्रमांक सात. मासा पाण्यातून गेला की त्याच्या कातडीचा, अंगावरच्या बुळबुळीचा काहीतरी अंश मागे राहतो. ते पाणी गाळायचं, गाळण्यावर उरलेला डीएनए वाचायला पाठवायचा, की कोण कोण येऊन गेलं ते कळतं. मासा दिसावा लागत नाही, पकडावा लागत नाही. चेन्नईच्या उत्तरेच्या किनाऱ्यावर कोण कोण राहतं त्याची हजेरी — आमचा प्रकल्प एवढाच.

आज हजेरी आली. त्रेसष्ट नावं. तारली, मांदेली, बोय, दोन जातीच्या पाकटी. मी बोट फिरवत खाली येत होते. आणि मग ते नाव. आधी वाटलं शेजारची ओळ वाचली. पट्टी ठेवून वाचलं. तेच.

करवत मासा म्हणजे खरं तर पाकटाचाच भाऊ. पुढे लांब चपटी करवत, दोन्ही कडांना दात. वीस फुटांपर्यंत वाढतो. जगातल्या सगळ्यात धोक्यात आलेल्या माशांपैकी. कायद्याने त्याला वाघाइतकं संरक्षण आहे, फक्त वाघ निदान दिसतो. हा आपल्याकडे आता जुन्या लोकांच्या बोलण्यातच उरलाय.

मी लातूरची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा बावीस वर्षांची होते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून वीस वर्षं घरी बसले. त्रेचाळिसाव्या वर्षी प्रकल्प सहायक म्हणून परत लॅबमध्ये आले आणि दोन वर्षांत बाटल्या भरण्यापलीकडे काही केलं नाही. आणि आता हे.

नवऱ्याला, उमाकांतला, गुम्मिडिपूंडीला फोन केला. फॅक्टरीत मशीनचा आवाज. "कसला मासा?" "करवत!" "दुकानात मिळते ना!" फोन कट. संध्याकाळी नीट सांगेन.


२२ जानेवारी

महालक्ष्मी मॅडमना यादी दाखवली. मॅडम प्रकल्पाच्या प्रमुख. तंजावरच्या मराठी घरातल्या, पिढ्यानपिढ्या इकडेच. लॅबमध्ये सगळ्यांशी इंग्रजी नाहीतर तमिळ, माझ्याशी मात्र त्यांचं ते जुनं मराठी. 'आहे'ला 'अहे' म्हणतात आणि वाक्याचा शेवट तमिळसारखा वर नेतात.

चष्मा काढून पुसला. परत लावला. एकेचाळिसाव्या ओळीवर बोट ठेवलं. मला वाटलं, आता हसतील.

"कोरी बाटली कुठे अहे?"



प्रत्येक फेरीला एक कोरी बाटली न्यायची असते. तिच्यात लॅबमधलं शुद्ध पाणी. तीही बोटीवर उघडायची, तीही गाळायची, तीही वाचायला पाठवायची. तिच्यात एकही मासा निघता कामा नये. निघाला तर समजायचं, डीएनए समुद्रातून नाही, आपल्या हातातून, टेबलावरून आलाय. अठरा डिसेंबरला बोटवाला घाई करत होता. कोरी बाटली माझ्या टेबलावरच राहिली. मी वहीत प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'कोरी नाही'. लिहिलं आणि विसरले.

"अवसर केलीस, संयुक्ता," मॅडम म्हणाल्या. अवसर म्हणजे घाई, हे मला पूर्वीच कळलंय.

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.


२३ जानेवारी

आणखी एक. हे जास्त वाईट.

प्राणेश आमच्या लॅबमध्ये पीएच.डी. करतो, सत्तावीस वर्षांचा, मला अक्का म्हणतो. दुपारी खुर्ची ओढून शेजारी बसला. म्हणाला, "अक्का, सांगावंसं वाटत नाही. पण ऑगस्टमध्ये मी एका जुन्या करवतीची पूड करून डीएनए काढला होता. याच खोलीत."

उत्तरेकडच्या एका मच्छीमार गावात, देवीच्या छोट्या देवळात एक जुनी करवत टांगलेली आहे. गावाच्या आणि वनखात्याच्या परवानगीने तो तिथून चिमूटभर पूड घेऊन आला होता. त्या पुडीतला एक कणसुद्धा माझ्या बाटलीत पडला असेल तर यादीत करवत मासा येणारच.

"मग तुझ्या माशाशी माझा मासा ताडून बघू," मी म्हणाले.

"मी वेगळा जीन वाचला होता. तुमचा तुकडा वेगळा. दोन्ही जुळवता येत नाहीत. आणि पूड संपली."

म्हणजे माझा मासा समुद्रातला आहे की ऑगस्टच्या धुळीतला, सांगता येत नाही.


२४ जानेवारी

काही लिहावंसं वाटत नाही.


३ फेब्रुवारी, सोमवार

परत पाणी आणलं. तीच खाडी, तीच जागा, बारा बाटल्या, दोन कोऱ्या. कोऱ्या बाटल्या मी मांडीवर घेऊन बसले होते. बोटवाला हसत होता.

परतताना वाळूवर मेलेली कासवं. तीन मोजली, मग मोजणं सोडलं. महिनाभर सगळ्या पेपरांत तेच आहे — चेन्नईच्या किनाऱ्यावर शेकड्यांनी कासवं मरून लागतायत. समुद्राची बातमी म्हणजे मेल्याचीच बातमी असं झालंय. मला एक जिवंत बातमी हवीय. फार हवीय. आणि म्हणूनच मॅडम म्हणतात तसं स्वतःवर विश्वास ठेवता कामा नये.


१७ फेब्रुवारी

बारा बाटल्या. करवत मासा नाही. एकीतही नाही.

प्राणेशने कँटीनमधून माझ्यासाठी फिल्टर कॉफी आणून ठेवली.

घरी उमाकांत म्हणाला, कंपनी चाकणच्या प्लांटला बदली देतेय, एप्रिलअखेर उत्तर द्यायचंय. पुणे म्हणजे त्याची आई जवळ, माझी बहीण जवळ. माझं कंत्राट एकतीस मार्चला संपतंय. तो म्हणाला नाही, पण गणित त्याच्या चेहऱ्यावर होतं. मी म्हणाले, बघू. मासा नसेल तर इथे मला तरी काय आहे?


१८ फेब्रुवारी

सकाळी बसमध्ये सुचलं. पूड संपली, पण करवत तर देवळात आहे ना!

तिच्यातून परत चिमूटभर घ्यायची. आमच्या लॅबमध्ये आणायचीच नाही. दुसरीकडे, जिथे करवत माशाचा कणही कधी आलेला नाही अशा ठिकाणी, माझ्या बाटलीतला तोच तुकडा वाचायचा. डीएनए म्हणजे अक्षरांची ओळ. एकाच जातीच्या दोन माशांत एक-दोन अक्षरं वेगळी असू शकतात. माझ्या पाण्यातली ओळ आणि करवतीतली ओळ हुबेहूब निघाली तर धूळ. वेगळी निघाली तर —

मॅडमना सांगितलं. ऐकून घेतलं. "अस्सं कां," म्हणाल्या. मग फोन उचलून त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या कॉलेजातली लॅब दोन दिवसांसाठी मागून घेतली. वनखात्यालाही पत्र गेलं. परवानगी आली की निघायचं. "संतोष नंतर कर," एवढंच मला म्हणाल्या. पण तो संतोष, म्हणजे आनंद, त्यांच्याच तोंडावर होता.


२२ फेब्रुवारी, शनिवार

गावाचं नाव इथेही लिहीत नाही. का ते पुढे येईल.

प्राणेश आणि मी गेलो. देऊळ म्हणजे निळ्या रंगाची एक खोली, समोर वाळत घातलेली जाळी. करवत देवीच्या मागच्या भिंतीवर. चार फूट तरी असेल. हळद-कुंकवाने पिवळी-लाल झालेली, दोन दात पडलेले. मी महिनाभर जिच्यामागे धावतेय ती वस्तू पहिल्यांदा पाहिली आणि आपोआप हात जोडले गेले. प्राणेशने पाहिलं. त्यानेही जोडले.

देवळाची देखभाल एळुमलै करतात. अडुसष्ट वर्षांचे मच्छीमार, अजून स्वतः बोट काढतात. माझं तमिळ अकरा वर्षांनंतरही भाजीवाल्यापुरतंच, पण त्यांचं सगळं समजत होतं. ते या माशाला वेळा म्हणतात.

"अप्पांच्या जाळ्यात आला होता," ते म्हणाले. अप्पा म्हणजे वडील. "दात जाळ्यात अडकले की सुटत नाही. जितके झटके देतो तितका गुंततो. अप्पा दोन दिवस जाळं शिवत बसले होते. आम्ही पोरं त्याच्या पाठीवर बसून खेळलो."

"तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?"

"सुनामीच्या पाच-सहा वर्षं आधी. छोटा होता. मारला." करवतीकडे बघितलं. "तेव्हा कोणी काही सांगितलं नव्हतं."

प्राणेशने मागच्या बाजूने, हळद नसलेल्या बुडख्यातून कानस लावून पूड काढली. तोवर एळुमलै माझ्याकडेच बघत होते.

"तो इथे आहे असं निघालं, तर आमची जाळी बंद करणार?"

मी म्हणाले, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

"मग शोधता कशाला?"

मी म्हणाले, तो आहे की नाही हे कळल्याशिवाय त्याच्यासाठी कोणीच काही करू शकत नाही.

"करणारे तुम्ही. आम्हाला पेपरातून कळणार." आवाज चढवला नाही त्यांनी. कासवांच्या वेळी हेच झालं म्हणाले. मेलेल्या कासवांसाठी जो तो मच्छीमारांकडे बोट दाखवतो, विचारायला मात्र कोणी येत नाही.

मी शब्द दिला. निकाल काहीही आला तरी आधी इथे येऊन सांगेन. छापून यायच्या आधी.

"सरी," म्हणजे बरं, एळुमलै म्हणाले. विश्वास ठेवून नाही. बघू या, अशा सुरात.


२५ फेब्रुवारी

त्या कॉलेजच्या लॅबमध्ये दोन दिवस. नवे कपडे, नवी पिपेटची पेटी, नवी चप्पलसुद्धा. प्राणेशला मी दाराच्या आत येऊ दिलं नाही. त्याच्या अंगावर ऑगस्ट असेल म्हटलं. तो बाहेर बाकावर बसून राहिला, दोन्ही दिवस.


२८ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन अक्षरं वेगळी आहेत!

मी दोन ओळी एकाखाली एक छापून घेतल्या. वर देवळातली करवत, खाली माझी बाटली क्रमांक सात. लाल पेनने एकेक अक्षर खुणा करत गेले. एकशेबाहत्तर अक्षरं. बावन्नाव्यावर पहिला फरक. हात थांबला. एकशे आठवर दुसरा. एकशे तेहेतीसवर तिसरा.

म्हणजे माझ्या बाटलीतला मासा तो नाही. एळुमलैंच्या अप्पांनी पकडलेला नाही. आमच्या खोलीत दुसरा कुठलाही करवत माशाचा कण कधीच आलेला नाही. म्हणजे डिसेंबरमध्ये, मी बोटीच्या कडेला वाकून बाटली बुडवत होते तेव्हा, त्या पाण्यातून एक जिवंत करवत मासा नुकताच गेला होता. कदाचित माझ्या खालून गेला असेल. वीस फूट नसेल, सहा असेल, तीन असेल. पण होता.

मॅडमनी दोन्ही कागद खिडकीपाशी नेले. स्वतःच्या पेन्सिलने परत सगळी अक्षरं मोजली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी पंचेचाळीस वर्षांची आहे!

लगेच म्हणाल्या, "एक बाटली म्हणजे गोष्ट. दुसरी आली की शास्त्र. परत पाणी आण."


६ मार्च

या वेळी एळुमलैंचीच बोट. मीच विचारलं होतं. वेळा कुठून फिरायचा ते त्यांनाच माहीत असणार. त्यांनी मला खाडीच्या तोंडाशी नेलंच नाही. आत, चिखलाच्या उथळ बाजूला नेलं, जिथे गोडं पाणी येऊन मिळतं. "तो इथे खालून चिखल ढवळत यायचा. करवतीने मासळी झोडायचा."

चोवीस बाटल्या, तीन कोऱ्या. कोऱ्या बाटलीत काय आहे, त्यांनी विचारलं. काहीच नाही म्हटलं. "काही नसलेली बाटली एवढी जपून?" मी समजावून सांगितलं, की मी स्वतःला फसवत नाही ना, ते ही बाटली सांगते. त्यांनी ऐकलं आणि त्यानंतर प्रत्येक कोरी बाटली स्वतः दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे दिली.


१९ मार्च, बुधवार

सोळावी बाटली. त्याच तीन अक्षरांसकट. कोऱ्या तिन्ही स्वच्छ.

प्राणेश लॅबच्या मधोमध नाचला. खरोखर नाचला, पिपेट हातात घेऊन. मॅडमनी ओरडायला तोंड उघडलं आणि मग बसून हसत सुटल्या. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

हा तोच डिसेंबरचा मासा असणार. तीन महिने इथेच आहे तो. एकटाच असेल? बाकीचे सगळे गेल्यावर उरलेला? आनंदात असतानाही हे मधूनच टोचतं.


२० मार्च

संचालकांनी बोलावलं. मॅडम आणि मी.

त्यांनी बातमी आधीच लिहून ठेवली होती. मथळा: 'चेन्नईजवळ सापडला शेवटचा करवत मासा'. गावाचं नाव. खाडीचं नाव. नकाशा. उद्या पत्रकार परिषद. आणि माझ्याकडे बघून, हसून, "तुमच्या कंत्राटाचं पत्र मी आजच काढतो. तुम्ही उद्या व्यासपीठावर हव्यात."

आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला व्यासपीठावर हवी म्हटलं. खोटं कशाला लिहू, दोन क्षण मी साडी कुठली नेसायची याचा विचार केला.

मग म्हणाले, "सर, गावाचं नाव देता येणार नाही."

का? मी सांगितलं. करवतीला आणि परांना चोरबाजारात गिऱ्हाईक आहे, नकाशा छापला की शोधायला येतील ते आपल्यासारखे नसतील. आणि दुसरं, मी गावाला शब्द दिलाय.

"तुम्ही शब्द दिला? संस्थेच्या वतीने? कोणाच्या परवानगीने?"

बरोबरच होतं त्यांचं. परवानगी कोणाचीच नव्हती. माझी मान खाली गेली. तेवढ्यात मॅडम इंग्रजीत म्हणाल्या, अगदी शांतपणे, की संयुक्ताने शब्द दिला नसता तर दुसरी बाटली मिळाली नसती, कारण जागा त्या माणसाने दाखवली. आणि पुढे, "जागेचं नाव छापायचं असेल तर माझं नाव काढा."

संचालकांनी नकाशा घडी करून बाजूला ठेवला. शेवटी म्हणाले, आधी शोधनिबंध, मग बातमी. बातमीत 'उत्तर तमिळनाडू किनारा' एवढंच. कंत्राटाबद्दल मात्र पुढे काही बोलले नाहीत. पत्रकार परिषद नाही तर व्यासपीठ नाही, पत्रही नाही बहुतेक.

बाहेर आल्यावर मॅडमना म्हटलं, तुमचं नाव काढलं असतं तर? "नाव काय गे, तीस वर्षं अहेच," म्हणाल्या. "चल, कॉफी."


२३ मार्च, रविवार

शब्दाप्रमाणे गेले. मॅडमही आल्या. देवळासमोर तीसेक माणसं, बायकाही. मी तमिळमध्ये सांगितलं, चुकत चुकत. मागून एक बाई माझी क्रियापदं दुरुस्त करत होत्या.

वेळा जिवंत आहे म्हटल्यावर पुढे बसलेले लोक उठूनच उभे राहिले. मग सगळे एकदम बोलायला लागले. तरुण पोरांनी तो कधी पाहिलेलाच नाही. देवळातली करवत त्यांना देवीचं हत्यार वाटायची.

मग तोच प्रश्न, जाळ्यांचा. या वेळी मॅडमनी उत्तर दिलं. जाळी बंद करा असं आम्ही म्हणत नाही आणि लिहिणारही नाही. एक मागतो. अडकला तर मारू नका, करवत तोडू नका, जाळं कापून सोडा. कापलेल्या जाळ्याच्या जागी संस्था नवं जाळं देईल. संचालकांची तशी सही त्यांनी शुक्रवारीच घेतली होती! मला सांगितलंही नव्हतं.

खूप वादावादी झाली. एकजण म्हणाला, नवं जाळं यायला सहा महिने लावाल, तोवर काय समुद्राकडे बघत बसू? मॅडम म्हणाल्या, माझ्या घरी या आणि दारात बसा. हसले लोक. पण ठरलं काही नाही. एळुमलै शेवटपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत.

निघताना बोटीपाशी भेटले. "तुम्ही आलात," एवढंच म्हणाले.


३० मार्च

पाडवा. बाल्कनीत गुढी. अण्णा नगरातल्या आमच्या इमारतीत ही एकच. खालचे आजोबा दरवर्षी विचारतात, दरवर्षी सांगते.

श्रीखंड खाताना उमाकांतला विचारलं, चाकणचं काय? म्हणाला, तुझं काय? उद्या कंत्राट संपतंय, पत्र नाही. म्हटलं, पत्र नाही आलं तरी एक वर्ष इथे राहायचंय मला. बिनपगारी बाटल्या भरीन. तो हसला नाही. म्हणाला, "मी कालच 'नाही' म्हणून कळवलं. तू रोज सकाळी बसला पळत जातेस. वीस वर्षांत तुला कुठे पळत जाताना पाहिलं नव्हतं."

मी उठून आत गेले. श्रीखंड वाढायला म्हणून.


२ एप्रिल

पत्र आलं. एक वर्ष. पदनाम तेच. मॅडमनी टेबलावर ठेवलं आणि 'अवसर' न करता वाच म्हणाल्या.


१९ एप्रिल, शनिवार

सकाळी सव्वासात. एळुमलैंचा फोन. वाऱ्याचा आवाज, मागे माणसं ओरडतायत. मला फक्त 'वेळा' ऐकू आलं. तीनदा.

मोठ्या बोटींना सध्या मासेमारीबंदी आहे, एळुमलै आपल्या छोट्या बोटीने खाडीत जाळं टाकून होते. जाळ्यात पिल्लू. हातभर. करवतीवर जन्मवेळचं मऊ वेष्टन अजून थोडं शिल्लक. म्हणजे काही दिवसांचंच!

"काय केलंत?"

"कापलं."

नवं कोरं जाळं, याच महिन्यात शिवून घेतलेलं. त्यांनी विळ्याने मधोमध फाडलं आणि पिल्लू पाण्यात धरून ठेवलं, शेपूट हलवायला लागेपर्यंत. पुतण्याने फोनवर घेतलं. अकरा सेकंदांचा व्हिडिओ. पाण्यात एळुमलैंचे दोन हात, हातांमध्ये ती इवलीशी करवत, आणि मग हात रिकामे.

मी तो किती वेळा पाहिला सांगत नाही. पहिल्यांदा रडले, मग उमाकांतला दाखवला, मग परत रडले.

म्हटलं, जाळ्याचा तो तुकडा धुऊ नका. काहीही करा, धुऊ नका. प्राणेशला घेऊन निघाले. तुकड्यावर चिकट बुळबुळ होती, तीच हवी होती. कापसाच्या बोळ्याने टिपून घेतली. ही थेट त्या कॉलेजच्या लॅबमध्ये जाईल. कोरा बोळाही घेतला. एळुमलैंनीच आठवण केली, "अम्मा, काही नसलेलं कुठाय?"

निघताना मी विचारलं, त्या दिवशी सभेत तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला पटलं नाही.

"पटलं नव्हतंच," ते म्हणाले. "आज हातात आला तेव्हा श्वास घेत होता."

नवं जाळं मंगळवारी पोचायला हवं. मॅडमनी दोनदा फोन केलाय.


२४ एप्रिल

जाळं पोचलं. दोन दिवस उशिरा. मॅडमच्या दारात कोणी येऊन बसलं नाही.

आता सगळे म्हणतायत, डिसेंबरचा मासा ही आईच होती. शेवटची मादी, तिचं शेवटचं पिल्लू. प्राणेशही म्हणतो. मलाही तसंच वाटतं. या अक्षरांचा वारसा आईकडूनच येतो, तेव्हा जाळ्यावर तीच तीन अक्षरं निघतील. मग निबंधाचा मसुदा पुरा करू.


६ मे, मंगळवार

कोरा बोळा स्वच्छ. जाळ्यावरचा थर करवत माशाचा. पण त्या तीन अक्षरांपैकी एकच जुळतं.

पाण्यातल्या ओळीशी दोन ठिकाणी जुळत नाही. देवळातल्या करवतीशीही नाही. मी, प्राणेशने, मग मॅडमनी, तिघांनी वेगवेगळं मोजलं. डिसेंबरचा मासा या पिल्लाची आई नाही. आई दुसरी आहे, आणि तीही इथेच आहे.

मॅडमनी शोधनिबंधाचा मसुदा उघडला आणि 'शेवटचा' हा शब्द जिथे जिथे होता तिथून काढायला लागल्या. मी एळुमलैंना फोन लावला.